टिटवीची शाल

बाळांनो, एका जंगलात (आपल्या नव्हे हं, दुसऱ्याच) एक डॉक्टर टिटवी होती. आवाज कर्कश, मन मऊ.

त्या जंगलात वर डोंगरात खवल्या मांजरांची वस्ती होती. सिंहाचा पणजोबा प्रथम आला तेव्हा त्याला पाणवठा त्यांनीच दाखवला होता. दवाखाना मात्र खाली, राजवाड्याला लागून. छावा शिंकला की सगळे वैद्य धावत. खवल्यांची पोरं तापाने फणफणली तरी डोंगर कोण चढणार?

टिटवी चढायची. पण औषध दरबाराने द्यायचं, म्हणून ती सिंहाकडे गेली. पोरं सगळी सारखीच, मग औषध एकाच बाजूला का, असं तिने विचारलं.

सिंहाचे डोळे पाणावले. प्रधान कोल्होबांनी लगेच टिटवीचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, लांबलचक भाषणं. टिटवी मनात आणील तर समुद्रही आटवील, असं अस्वल म्हणालं. औषधाचं नाव कोणी काढलं नाही. टिटवी पुन्हा गेली, तर पुन्हा शाल. तिला अगदी रडू यायचं.

मग वस्तीतल्या एका खवलीचं धाकटं पोर, बुटकू, तापलं. खवल्यांची पोरं भ्यायली की अंगाचा चेंडू करतात. बुटकूला तोही करवेना.

पुढच्या सत्काराला ती एकटी गेली नाही. खवली बुटकूला शेपटीवर बसवून आली. तिच्यामागे सगळी वस्ती, आपापली आजारी पोरं घेऊन. सिंहाने शाल पुढे केली. टिटवीने ती बुटकूला गुंडाळली आणि त्याला पाहुण्यांच्या आसनावर ठेवलं.

"सत्कार याचा करा, महाराज. शाल झाली. आता औषध पाजा."

चारचौघांत सिंहाला नाही म्हणवेना. बुटकूला औषध मिळालं. पण मागे रांग दारापर्यंत गेली होती, आणि एक पोर गालिच्यावर ओकलं.

कोल्होबा राजाच्या कानाशी लागले. "ही मंडळी रोज इथे यायला लागली, तर आपण कार्यक्रम करायचे कुठे?"

लवकरच डोंगरावर दवाखाना उभा राहिला. पाटीवर सिंहाच्या दूरदृष्टीचं कौतुक होतं. उद्घाटनाला टिटवीला बोलावणं नव्हतं. कोल्होबांच्या मते ती अलीकडे फार उद्धट झाली होती.

त्या दिवशी ती खवलीच्या बिळाबाहेर बसली होती. आत बुटकू चेंडू होऊन घरंगळत होता. तिला फार बरं वाटलं.

तात्पर्य : चांगल्या कामाचं चीज होतंच. राजाने सत्कार करणं थांबवलं, की ते झालं असं समजावं.