पस्तीस खरे की शंभर?

मोहिनीला कोणी फसवू शकत नाही. दुधात किती पाणी आहे ते ती पातेल्याकडे बघून सांगते. भूमिकाला शिंक येण्याआधी तिच्या हातात रुमाल असतो. लेकीसाठी घरात थर्मामीटरसुद्धा दोन. एकावर विश्वास ठेवायला ती काय भोळी आहे?

बी.एस्सी. गणित होऊन नुसत्या दुधाच्या बाटल्या उकळणाऱ्या मोहिनीला अखेर ऑनलाइन शिकवणीची नोकरी दिसत होती. तिची चाचणी आज दुपारी. धाकट्या भावाने, योगेंद्रने, सुरतेहून त्यासाठी जुना लॅपटॉप पाठवला होता. भूमिका तो टेबलावरून पाडेल, म्हणून मोहिनीने मधल्या खोलीत भाव वाढायची वाट बघत पडलेल्या कापसाच्या ढिगात मऊ खळगा केला आणि त्याला बाळासारखं निजवलं.

चाचणीला थोडा वेळ उरला आणि लॅपटॉप रांगायला लागला. मोहिनीने टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसरचा वापर पस्तीस टक्के. म्हणजे हा आळशी! योगेंद्रने घालून दिलेलं दुसरं मोजणारं सॉफ्टवेअर उघडलं. शंभर टक्के.

तिचं डोकंच फिरलं. तिने तडक सुरतेला फोन लावला.

"यांच्यातलं खोटारडं कोण, तेवढं सांग."

"कोणीच नाही, ताई. शंभरवाला म्हणतो, प्रोसेसरला क्षणभर फुरसत नाही. पस्तीसवाला म्हणतो, पूर्ण वेगाने जेवढं काम झालं असतं, त्याच्या पस्तीस टक्केच होतंय. जुनं मशीन तापलं की आपला वेग कमी करतं."

"शंभर टक्के कामात, आणि काम पस्तीस टक्के? असलं उत्तर मी पेपरात लिहिलं असतं तर शून्य मिळालं असतं."

शेंगा फोडत बसलेल्या सासूबाई, तापीबाई, मान वर न करता म्हणाल्या, "त्यामा काय व माय? आपला गोपाल दिनभर वावरमा ऱ्हास. सांजले म्हनस, दिनभर काम करं. जाईसन दखं तं दोनच वाफा भिजेल."

मोहिनी आणखी भडकली. नवऱ्याबद्दल असं बोलायचा अधिकार फक्त तिचा होता.

"आनि पोरनं स्वेटर काढ. उकडी ऱ्हायनं तिले."

"हवा गार आहे, आई." स्वेटर, टोपी आणि मोज्यांतली भूमिका सुकवायला घातलेल्या मिरचीसारखी लाल होऊन रडत होती. मोहिनीने तिच्या काखेत थर्मामीटर लावला आणि लॅपटॉपवर निवाड्यासाठी तिसरं सॉफ्टवेअर उघडलं. पडदा जागच्या जागी गोठला.

"आता काय केलंस?" फोनवर योगेंद्र.

"तिसऱ्याला विचारलं."

"अगं, हे मोजणारे पण प्रोसेसरच्याच डोक्यावर बसतात. लॅपटॉप ठेवलायस कुठे?"

"कापसात. मऊ आहे."

"ताई, त्याला श्वास घ्यायला खाली भोकं असतात."

मोहिनीने लॅपटॉप उचलला. बूड तव्यासारखं, आणि भोकांत कापसाचे बोळे! तिने केसांच्या पिनेने ते उपसले, केळीचा जाळीदार क्रेट पालथा घातला, त्यावर लॅपटॉप ठेवला आणि पुन्हा सुरू केला. तो एवढा तरतरीत झाला, की ठरल्या वेळेला चाचणी घेणाऱ्या मयूरी मॅडम पडद्यावर हजर.

"काळ, काम आणि वेग शिकवा," मॅडम म्हणाल्या. "पुस्तकातलं उदाहरण नको."

मोहिनीने लगेच सुरुवात केली. "समजा, गोपाल नावाचा शेतकरी दिवसभर शेतात आहे, पण भिजले दोनच वाफे..."

मॅडमना फार आवडलं. पुढच्या आठवड्यापासून तास घ्या म्हणाल्या. "उदाहरण सुचलं कुठून?"

"माझं स्वतःचंच आहे," मोहिनी ठामपणे म्हणाली.

मागे शेंगा फोडल्याचा आवाज थांबला. मोहिनीने हळूच वळून पाहिलं. भूमिकाचं रडणं केव्हाच संपलं होतं. स्वेटर, टोपी, मोजे कापसावर पडले होते आणि ती उघडीबंब दुसऱ्या क्रेटात बसून शेंगेची टरफलं उडवत होती.

"दोन्हीबी थंडा व्हयनात," तापीबाई म्हणाल्या.

मोहिनीने थर्मामीटर उशीखाली सरकवले. दोन्ही.