नानांचं पहिलं दर्शन

आमच्या गल्लीतले नाना जन्मात कोणापुढे वाकले असतील तर ते वांग्यापुढे. जळगावात हिवाळा लागला की अंगणात कपाशीच्या काड्या पेटवून ते भरिताची वांगी भाजायला घालत आणि आधी त्यांना मनोभावे हात जोडत.

"दख मास्तर," मला म्हणत, "चटका बसना तरी बोलस का? आपले जरासा चटका बसना का बठ्ठा गावले सांगतस."

कचेरीतून पेन्शनीत निघालेला हा माणूस देवळाच्या वाटेला जात नसे. पण धर्माशिवाय त्यांचं पानही हलत नसे, ही खरी पंचाईत! नाक्यावर टांग्याच्या घोड्यांसाठी हौद होता. तो भरणं म्हणजे अभिषेक. भुईमुगाच्या शेंगा फोडणं म्हणजे जप, आणि त्यात कोणी बोललं तर जप मोडे, मग त्या शेंगा त्यालाच फोडाव्या लागत. मी निम्मं पोतं तरी फोडलं असेल. "देव हातले लागस, घंटाले नही," हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

अक्का, म्हणजे त्यांची बायको, अगदी उलट. दर संकष्टीला पद्मालयाच्या जोडगणपतींना जायची. नाना सोबत जात, पण पायरीपाशी थांबत. "तू जाय. मी चपला राखस. त्याबी कोणी राखाले पाह्यजेत ना?" आणि खिशातल्या शेंगा काढून जपाला बसत.

मग काचबिंदूने अक्काची दृष्टी गेली. ऑपरेशन झालं, उपयोग झाला नाही. पुढची संकष्टी आली तेव्हा ती ओसरीवर भिंतीला टेकून म्हणाली, "आते काय जाऊ? माले काय दिसस?" त्यानंतर ती फारसं बोलेनाशी झाली. जेवायची तेसुद्धा नानांचं मन राखायला. नानांची वांगी आता कोळसा होईपर्यंत विस्तवात राहायची आणि त्यांचं लक्ष ओसरीकडे असायचं. मला फार वाईट वाटे.

एका संकष्टीला सकाळीच नानांनी हाक मारली. "मास्तर, चाल. आज चपला तुले राखन्या शेतस." आणि ओसरीवर जाऊन अक्काला म्हणाले, "ऊठ. तुले काय दखानं ते मी दखस."

एरंडोलपर्यंत एस.टी., पुढे टांगा. चपला मी फुलवालीच्या हवाली केल्या आणि यांच्या मागोमाग आत गेलो. हा सोहळा चुकवतोय कोण? नाना अक्काचा हात धरून तरातरा गाभाऱ्यापाशी पोचले आणि नेमका तेवढ्यात पुजाऱ्याने नैवेद्यासाठी पडदा ओढला.

नैवेद्य झाला की पडदा उघडतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण नानांचा सगळा अनुभव पायरीपर्यंतचा! दुकान बंद झालं अशी त्यांची समजूत झाली. चेहरा पार उतरला. मग घसा खाकरून ते त्या लाल पडद्याकडे बघत सांगू लागले.

"दोन्ही गणपती शेतस. जास्वंदीना हार घालेल शे. दूर्वा ताज्या शेतस. डोया चमकी ऱ्हायनात."

रांगेतले लोक एकमेकांकडे बघायला लागले. एक पोरगी फिसकन हसली. मी नानांच्या कानाला लागलो, "नाना, अहो पडदा..." तर त्यांनी मला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

"अन् तुनाकडेच दखी ऱ्हायनात," ते अक्काला म्हणाले.

अक्काने जोडलेले हात तसेच ठेवले. किती महिन्यांनी तिच्या ओठांवर हसू आलं होतं!

"पडदा पडेल शे," ती हळूच म्हणाली. "कड्या वाजन्यात. मी आयकं."

नानांची चोरी पकडली गेली होती आणि ती देवाच्या दारात. मला त्या क्षणी त्यांची कीव आली.

"उघडाले येळ शे," अक्का म्हणाली. "तवलोंग तुम्ही सांगा ना. गोड वाटस."

नानांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि पुन्हा सुरुवात केली. हार, दूर्वा, समईची वात. मध्येच पडदा सरकला, घंटा घणाणल्या, माझ्यासकट सगळ्यांनी हात जोडले. नानांना पत्ताच नव्हता. गणपतीकडे पाठ करून, अक्काच्या तोंडाकडे बघत ते सांगतच होते.