दुसऱ्या बशीचा चर

"दोघांनाही सारखं! एकाच्या ताटात पडलं की दुसऱ्याच्याही पडलंच पाहिजे!" स्वयंपाकघरातून येणारा आईचा तो आवाज धाकटीला अजून आठवायचा. पण प्रयोगशाळेत त्याचं काय काम?

इथं तर तिनं छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं, "उद्या बघाच, बाई! पोटातल्या गुणी जिवाणूंच्या अंगावर जे प्रथिन असतं ना, त्याचा नुसता थेंब पडला तरी माणसाच्या पेशी भराभरा वाढतात!" अख्खा जिवाणू नको, नुसता त्याचा अंगरखा पुरे! तो अंगरखा पेशींच्या कानात सांगतो तरी काय, या कुतूहलानं तिची झोप उडाली होती.

प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहत बजावलं, "दिसलं तर ठीक. नाहीतर काम बंद!"

दोन बश्यांत आतड्याच्या पेशींची सायीसारखी पातळ चादर धरली होती. धाकटीनं दोन्हींत सुईनं एकेक चर ओढला. पहिलीत प्रथिन, दुसरीत नुसतं पोषक पाणी. पहिलीचा चर बुजायचा, दुसरीचा उघडा राहायचा, म्हणजे झालं सिद्ध!

"दादा, संध्याकाळी पहिलीला आणखी एक थेंब दे हं."

दादा म्हणजे तिचा सख्खा भाऊ. इथल्या पेशींचं खाणंपिणं त्याच्याकडे.

सकाळी बाई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. "वा! पहिला चर गायब!"

धाकटीला आभाळ ठेंगणं झालं.

"आणि दुसराही गायब!"

आभाळ धपकन डोक्यावर आदळलं!

"भिंग पुसा!" धाकटी ओरडली. पुसलं. "बश्या बदलल्या असतील!" छे, झाकणांवर तिचंच अक्षर. शेजारच्या टेबलावरचा संशोधक खिदळला, "शेजारणीचं पाहून वाढली असेल!"

"थोडक्यात, तुझ्या प्रथिनावाचून काही अडत नाही," बाई म्हणाल्या. "आवरा सामान."

धाकटीचे डोळे डबडबले. दादा मघापासून एकच स्वच्छ बाटली घासत होता. ती त्यानं खाली ठेवली.

"बाई... दुसरीलाही प्रथिन वाढलं मी."

बाईंनी चष्माच काढला. "म्हणजे सगळं पुन्हा! आणि या खेपेला प्रथिनाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे!"

धाकटीला हसावं की रडावं कळेना. "पण का रे, दादा?"

"अगं, एवढा चर घेऊन बिचारी दुसरी बशी शेजारणीच्या तोंडाकडे बघत बसलेली! मला बघवेना. एक थेंब जास्तच दिला. धाकटी ना ती!"