साडेआठ वाजता मोजलेली गरज

शाळा साडेआठला उघडते आणि पहिली बस सहा वाजून दहा मिनिटांनी सुटते. ही दोन्ही वाक्ये सरकारला मान्य आहेत. मात्र वेगवेगळी. एकाच बाईच्या आयुष्यात ती एकत्र आली, तर त्या बाईने संबंधित खात्याकडे अर्ज करावा, अशी व्यवस्था आहे.

त्या बाईला डेपोत सगळे बसवाली म्हणत. अकरा वर्षं ती बावीस नंबरची बस हाकत होती. तिची मुलगी भिंगरी पहिलीत होती. भिंगरीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर होतं, पण घरात एका जागी न टिकणाऱ्या पोरीला त्या नावाने हाक मारेपर्यंत ती जिन्यावर पोचलेली असायची. बाप जहाजावर कामाला. वर्षातून दोनदा घरी यायचा आणि आला की पोरीची वेणी वाकडी घालायचा. म्हणून पहाटे साडेपाचला भिंगरी उशीसकट वरच्या मजल्यावरच्या मावशींकडे जायची. मावशी तिला उठवायच्या, सरळ वेणी घालायच्या आणि साडेआठच्या ठोक्याला शाळेत सोडायच्या. बालवाडीपासून चार वर्षं चाललेल्या या व्यवस्थेची कुठल्याही फायलीत नोंद नव्हती, म्हणूनच ती बिनबोभाट चालली होती.

एके दिवशी मावशी म्हणाल्या, "अगं, एक तारखेपासून मी लेकीकडे राहायला चाललेय. कायमची. हा जिना आता माझ्या गुडघ्यांना झेपत नाही."

"आणि मावशी, भिंगरी?"

"तेच रात्रंदिवस डोक्यात आहे बाई. सरकारकडे जाऊन बघ. त्यांनी म्हणे पोरांसाठी एक अख्खा कक्ष काढलाय."

बसवालीने मनात उशिरांचा हिशेब मांडला. वर्षात तीन उशीर झाले की डेपो चालकाला राखीव यादीत टाकत असे, आणि राखीव यादीतून परत आलेला माणूस डेपोत कुणी पाहिला नव्हता.

ड्यूटी संपवून ती तशीच खाकी कपड्यांत कक्षात गेली. 'शालेय जागा आणि शाळापूर्व व शाळापश्चात सांभाळ नियोजन कक्ष' ही पाटी इतकी लांब होती की 'कक्ष' हा शब्द बोळाच्या कोपऱ्यावरून वळून पलीकडच्या भिंतीवर गेला होता. आत नियोजन अधिकारी बसले होते. माणूस सज्जन. मागे भिंतभर नकाशा. हिरवी टाचणी म्हणजे शाळेतली जागा, पिवळी म्हणजे सांभाळाची सोय, लाल म्हणजे गरज. लाल टाचण्यांची डबी अजून फोडलेलीच नव्हती.

त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, फाइल उघडली आणि ताप उतरल्याची बातमी द्यावी तशा आवाजात म्हणाले, "ताई, तुमच्या शाळेत शाळापूर्व सांभाळाची मागणी शून्य आहे."

"शून्य कशी? मी आहे की!"

"तुम्ही सर्वेक्षणात आहात का?"

"कधी झालं सर्वेक्षण?"

"गेल्या महिन्यात. सकाळी साडेआठला, शाळेच्या गेटवर. मुलांना सोडायला आलेल्या एकूणएक पालकांना विचारलं. दोनशे चौदा पालक. दोनशे चौदा जणांनी 'गरज नाही' सांगितलं. एवढी एकजूट आम्ही नोकरीत पाहिली नाही."

बसवालीने कपाळाला हात लावला. "अहो साहेब, साडेआठला जो गेटवर येऊ शकतो, त्याला सांभाळ लागेलच कशाला? ज्याला लागतो तो त्या वेळी कामावर असतो!"

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. ते खरोखर विचारात पडले. मग म्हणाले, "मुद्दा चांगला आहे. लेखी द्या. पण एक सांगतो, गैरहजर माणसाची गरज मोजायची ठरवली तर उभं जगच आमच्या गेटवर गैरहजर आहे. कुणाकुणाला मोजायचं?"

"मग मी करू काय?"

"गुरुवारी फेरसर्वेक्षण आहे. तुम्ही स्वतः या. साडेआठला, गेटवर."

दुसऱ्या दिवशी सहा दहाच्या बसमध्ये बसवालीने हा सगळा प्रकार मोठ्याने सांगितला. त्या बसला जी माणसं असायची, त्यांच्यावाचून शहराची झोप मोडत नसे. दवाखान्यातली नर्स होती, बेकरीवाला होता, पाण्याच्या टाकीवरचा पंपवाला होता, रस्ते झाडणाऱ्या बायका होत्या. प्रत्येकाचं पोर शेजाऱ्याच्या, दुकानदाराच्या, नाहीतर गळ्यातल्या किल्लीच्या भरवशावर.

"म्हणजे आपण नाहीच आहोत होय?" नर्स म्हणाली.

"कागदावर नाही," कंडक्टर काका म्हणाले. काका निवृत्तीला टेकले होते आणि तिकिटाचा पंच कानाशी वाजवून बोलायची त्यांना खोड होती. "पण माझ्याकडे नोंद आहे. एकोणचाळीस. रोजचे."

गुरुवारी एकोणचाळीस जण कामावर गेलेच नाहीत. त्या सकाळी नळाला पाणी आलं नाही, पाव मिळाला नाही, आणि बावीस नंबरची बस डेपोत कुलूपबंद उभी राहिली. नियोजन अधिकारी बिनआंघोळीचे, उपाशीपोटी, पायी ऑफिसात पोचले आणि शहरात आज नेमकं काय बिघडलंय याचा त्यांना दिवसभर पत्ता लागला नाही.

इकडे गेटवर हातात फळी घेतलेली गणक बाई उभी होती. तिने बसवालीला विचारलं, "शाळेआधी सांभाळाची गरज आहे का?"

"आहे! एकशे एक टक्के आहे!"

गणक बाईने घड्याळ पाहिलं. "पण तुम्ही तर साडेआठला इथे आहात."

"तुम्ही बोलावलंत म्हणून आहोत!"

"तेच म्हणतेय मी. येता येतं ना? मग सोडा की पोरांना शाळेत. झाली सोय."

पंपवाला असा काही गरजला की शाळेची घंटा ऐकूच आली नाही. एकोणचाळीस तोंडं एकदम सुटली. गणक बाई घाबरून भराभर 'गरज आहे' वर खुणा करत सुटली आणि शेवटच्या रकान्यात, नियमाप्रमाणे, मागणी नोंदवल्याची वेळ लिहीत गेली. ८.३०. ८.३०. ८.३०.

पंधरा दिवसांत मंजुरी आली. सरकार हलत नाही म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. शाळेत फीत कापून शाळापूर्व सांभाळ केंद्र उघडलं. मागणी साडेआठची असल्यामुळे केंद्राची वेळ साडेआठपासून ठेवली होती. नवी खोली बांधायला जागा नव्हती म्हणून पहिलीचा वर्ग केंद्राला दिला. पहिलीला वर्ग उरला नाही, म्हणून पहिलीच्या मुलांना केंद्रात सामावून घेतलं. म्हणजे भिंगरी त्याच खोलीत, त्याच बाकावर, त्याच बाईंसमोर बसली. फक्त बाईंच्या छातीवर आता 'सांभाळ सहायक' असा बिल्ला होता आणि त्यांनी बेरीज शिकवावी की नाही याबद्दल मार्गदर्शन मागवलं होतं. कक्षाने पत्रक काढलं की पहिलीच्या जागांची टंचाई संपूर्णपणे दूर झाली असून पहिलीत आता एकही मूल जागेविना नाही. ते खरंच होतं. पहिलीच नव्हती.

आणि सकाळी साडेपाच ते साडेआठ? त्या तीन तासांची मागणी कुणी नोंदवलीच नव्हती.

एक तारीख उजाडली. मावशी भिंगरीचा मुका घेऊन, डोळे पुसत निघून गेल्या. गुरुवारच्या खाड्याने बसवालीच्या नावावर तीनपैकी दोन उशीर आधीच लागले होते. एका खाड्याचे दोन उशीर, असं डेपोचं गणित. आता एकच उरला होता. तिने पेंगुळलेल्या भिंगरीला उशीसकट उचललं आणि आपल्या सीटच्या मागच्या बाकावर आडवं केलं.

"काका, हिचं अर्धं तिकीट फाडा. कायद्यात राहू दे."

दुसऱ्या दिवशी नर्सने पोराला आणलं. तिसऱ्या दिवशी बेकरीवाल्याची तिघं आली. आठवड्यात बसमध्ये तेवीस पोरं झाली. आईबाप आपापल्या स्टॉपला उतरत, पोरं बसमध्येच राहत. दोन फेऱ्या होत आणि आठ अठ्ठावीसला बस शाळेपाशी थांबे. काका पंच वाजवत पाढे घेत. "सात चोक?" खट्ट! "अठ्ठावीस!" बेकरीवाला उतरताना गरम पाव ठेवून जाई. झाडूवाल्या बायकांपैकी जिचा रस्ता जवळ असे ती वेण्या घाली. भिंगरी शहरातले सगळे स्टॉप उलटे आणि सुलटे म्हणायला शिकली. बसवाली आरशात पाही आणि तिला वाटे, अकरा वर्षांत गाडी इतकी हलकी कधी चालली नव्हती.

सुखाची बातमी ऑफिसात पोचायला वेळ लागत नाही. एका सोमवारी सहा दहाला स्टॉपवर खुद्द नियोजन अधिकारी उभे. एका हातात मोजपट्टी, दुसऱ्या हाताला दोन जुळी पोरं.

"मी तपासणीला आलोय," ते म्हणाले. जुळी एव्हाना मागच्या बाकावर पोचून पाव खात होती. अधिकाऱ्यांचा आवाज खाली आला. "ही... आमची. यांच्या आईची आजपासून सकाळची ड्यूटी लागलीय. तात्पुरतं आहे हो."

"तात्पुरतंच असतं सगळं, साहेब," काका म्हणाले. "दोन अर्धी तिकिटं."

अधिकाऱ्यांनी गुडघ्यावर बसून बस मोजायला घेतली. घामाघूम झाले. "ताई, नियमाप्रमाणे केंद्र एका जागी असावं लागतं. मी मोजायला सुरुवात केली तेव्हा हे केंद्र बाजारात होतं. मोजून झालं तर दवाखान्यापाशी! पत्ता काय लिहू? हे बेकायदा केंद्र आहे. उद्यापासून बंद करावं लागेल आणि तुमचं नाव डेपोला कळवावं लागेल."

बसवालीने करकचून ब्रेक मारला. पोरं खिदळली. ती मागे वळून म्हणाली, "कळवा. आणि तुमची जुळी उद्या कुठे ठेवणार तेही त्याच पत्रात लिहा."

मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. अधिकाऱ्यांनी मोजपट्टी गुंडाळली.

"एक वाट आहे. मुलांना सांभाळाची गरज असेल, तर हे केंद्र ठरतं. गरजच नसेल, तर ही साधी तिकीट काढलेली मुलं. प्रवाशांवर माझा अधिकार चालत नाही." त्यांनी पिशवीतून सर्वेक्षणाचे फॉर्म काढले. "सगळ्यांनी फक्त 'गरज नाही' लिहून द्यायचं."

बसवालीने आरशात पाहिलं. भिंगरी जुळ्यांना स्टॉप शिकवत होती. "आणा इकडे," ती म्हणाली, आणि स्टिअरिंगवर फॉर्म टेकवून तिने पहिली खूण केली. ज्या एका वाक्यापायी तिने अख्ख्या शहराचं पाणी तोडलं होतं, ते खोडायला तिला अर्धं मिनिट पुरलं. मग फॉर्म मागे गेले. नर्स, बेकरीवाला, पंपवाला. एकही विरोधी मत नाही. मागणी पुन्हा शून्य झाली, लाल टाचण्यांची डबी कपाटात गेली आणि त्या वर्षी कक्षाला उत्कृष्ट नियोजनाची ढाल मिळाली.

पुढच्या सोमवारी बाजारच्या स्टॉपवर एक नवीन बाई उभी होती. अंगावर कारखान्याचा डगला, कडेवर झोपलेली पोर. बस गच्च भरलेली. तिने खिडकीशी येऊन विचारलं, "अहो ताई, सकाळी पोरांना सांभाळते ती बस हीच का?"

बसवालीने गिअरवर हात ठेवला. काकांनी पंच खिशात टाकला.

"नाही बाई," ती म्हणाली. "आम्ही फक्त प्रवासी नेतो. तुम्ही कक्षात जा. साडेआठला गेटवर उभं राहा, ते मोजतात."

दार बंद झालं. बस निघाली. आता बसवालीला नावं ठेवू नका. तुम्हीही त्याच बसमध्ये होतात, चौथ्या बाकावर, खिडकीपाशी, आपलं पोर मांडीवर घेऊन. फॉर्म भरताना तिच्याजवळ पेन नव्हतं, तेव्हा तुमचंच तर पुढे केलं होतंत.