दीड तासाची श्रीमंती

शिंपिणीची लेक नुकती चालायला लागली होती, आणि जमिनीवर पडलेलं प्रत्येक बटण खाण्यासाठीच असतं अशी तिची ठाम समजूत होती. एका हाताने मशीनचं चाक फिरवायचं, दुसऱ्या हाताने लेकीच्या तोंडातली बटणं काढायची, यात दिवसाकाठी एक सदरा पुरा होत नसे. त्यामुळे गरीब घरांतल्या मुलांसाठी फुकट पाळणाघर निघतंय हे कळल्यापासून तिचा जीव तिथल्या एका जागेत अडकला होता.

सकाळी दहाला पाळणाघरासाठी गरीब घरं मोजणारे सर्वेवाले साहेब आले. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पण कामाला चोख. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, शिलाई मशीन एक असं लिहिलं आणि फ्रीज, टीव्ही, मिक्सर या रकान्यांत शून्यं मांडली. जागा मिळेल, म्हणाले, आणि पुढच्या घरी गेले.

ते वळताच मागच्या दाराने कोपऱ्यावरच्या काकू आल्या. त्यांच्यामागून त्यांचा फ्रीज आला. जागा आपल्या नातवालाही हवीय, तुझं घर तर मोजून झालं, तासाभराचा तर प्रश्न आहे, असं काकूंचं म्हणणं. शिंपीण नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत वायरमनच्या बायकोचा टीव्ही आत आला, ड्रायव्हरकडचं वॉशिंग मशीन आलं, आणखी एक फ्रीज आला, त्यावर ठेवलेला मिक्सर आला. लेकीला कुठे ठेवावं, हा प्रश्न पडला. शेवटी तिला वॉशिंग मशीनवर बसवलं.

पण पाच घरं झाली की त्यातलं एखादं पुन्हा तपासायचं, असा साहेबांच्या खात्याचा नियम होता. साडेअकराला ते परतले. फ्रीज आड आल्यामुळे दार अर्धंच उघडलं.

"बाई," ते आत डोकावून म्हणाले, "दीड तासात एवढी प्रगती?"

"माझं नाही हो हे."

"मग कुणाचं?"

दाराशी अख्खी गल्ली जमली होती. काकूंना नेमकं तेव्हाच आपल्या चपलेत काहीतरी टोचलं. बाकीच्या छताकडे बघू लागल्या. ज्याच्या घरात वस्तू, त्याच्या नावावर, असं सांगून साहेबांनी शून्यं खोडायला पेन काढलं. म्हणजे जागा गेलीच.

शिंपिणीने लेकीच्या तोंडातलं बटण काढलं आणि शांतपणे म्हणाली, "लिहा साहेब, सगळं माझंच. तुमची सही झाली की जुन्या सामानवाल्याला बोलावते. दोन फ्रीज विकले की लेकीला पैसे भरून पाळणाघरात घालता येईल."

साहेबांनी पेन टेकवलं.

"अहो थांबा जरा," काकू म्हणाल्या. "तो पांढरा आमचा आहे. आत दूध आहे."

मग टीव्हीला मालक मिळाला, वॉशिंग मशीनला मिळाला. मिक्सरला तर दोघी मिळाल्या आणि त्यांच्यात जुंपली.

साहेबांनी सगळे अर्ज पुन्हा भरले. शिंपिणीची शून्यं जागच्या जागी राहिली, लेकीचं नाव यादीत गेलं. शेऱ्याचा रकाना ते एरवी कोराच सोडत. आज मात्र त्यांनी नीट अक्षरात लिहिलं : 'दहा वाजता गरीब, साडेअकराला श्रीमंत, बाराला पुन्हा गरीब. कारण : शेजारी.'