चंद्रकला बाईंचा एक काना

अक्षरांच्या बाबतीत या देवीदास पेंटरला कोणी शिकवायचं नाही! सौंसरच्या बसस्टँडवरच्या अर्ध्या दुकानांच्या पाट्या माझ्या हातच्या होत्या. नागपूरच्या बसमागं मी ‘हॉर्न द्या’ लिहायचो, तर मागचा ड्रायव्हर वाचण्यातच गुंगायचा आणि हॉर्न द्यायचा विसरायचा!

मग फ्लेक्स आले. माझे ब्रश डब्यात गेले आणि माझ्याच दुकानात सून ऋतुजानं कॉम्प्युटर मांडला. पोरगी हुशार. पण त्या दिवशी तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.

“बाबा, मी नागपूरले जाऊन राहिली,” ती म्हणाली. “मोहगावच्या शाळेतल्या चंद्रकला बाई आज रिटायर होऊन राहिल्या, त्यांचं बॅनर तयार आहे. फक्त नावात ‘चंद्रकाला’ झालं. तेवढा एक काना खोडा आन मशीनवर पाठवा. त्यांच्याच शाळेतले वीरेंद्र सर दुपारी न्यायले येतील.”

“एक काना? अवं, कानेमात्रे देण्यात जिंदगी गेली माझी! जाय तू बिनधास्त!”

ती गेली. मी बसलो. माऊस उचलला, ब्रश धरावा तसा, तीन बोटांत, अधांतरी. पडद्यावरचा बाण काही हलेना! टेबलावर टेकवला, तर थेट कोपऱ्यात जाऊन बसला, अभ्यास न केलेल्या पोरासारखा. चुचकारून त्याला नावापर्यंत आणलं आणि टिचकी मारली. नावाभोवती चौकट आली. म्हटलं, जमलं! खोडायचं बटण दाबलं.

काना गेला. चंद्र गेला. कला गेली. बाईंसकट अख्खं नाव गायब!

घाबरून माऊसचं मधलं चाक फिरवलं, तर बाईंचा फोटो मुंगीएवढा झाला. उलटं फिरवलं, तर सगळ्या पडद्यावर बाईंची एकच नाकपुडी! ऋतुजाला फोन लावला.

“बाबा, आवाज कटून राहिला! राइट क्लिक तर नाही केलं ना?”

“राइटच केलं बेटा! राँग कायले करीन मी?”

“कंट्रोल दाबून धरा आन झेड दाबा. एकद...”

तिचं ‘एकदाच’ कुठंतरी हवेतच राहिलं. मी दोन्ही बटणं दाबून धरली. आणि काय सांगू, नाव परत आलं! मी आनंदानं पडद्याकडं पाहतच राहिलो. बोटं मात्र तिथंच! पुढच्या क्षणी नाव पुन्हा गेलं. झेंडूच्या माळा गेल्या. समई गेली. बाईंचा फोटो गेला. शेवटी पिवळा रंगही उडाला. पोरीनं मान मोडून केलेलं काम, केलं त्याच्या उलट्या क्रमानं, माझ्या डोळ्यांदेखत उसवत गेलं. उरलं पांढरंशुभ्र पान.

पुन्हा फोन.

“काही हरकत नाही, बाबा. कंट्रोल आन वाय दाबा, सारं परत येते. मधात कशाले हात नाही लावला ना?”

“लावला.”

“कायले?”

“कोरं पान दिसलं, राहवलं नाही. एक रेघ ओढून पाहिली.”

“बाप्पा! रेघ ओढली की पुढचं सारं पुसलं जाते! बरं, फाईल बंद करा, आन सेव्ह करू का विचारलं तर नाही म्हणा.”

“विचारलं होतं त्यानं मघाशी. मी हो म्हटलं. कोणी एवढं अदबीनं विचारलं तर नाही कसं म्हणायचं?”

रागावली असती तर परवडलं असतं. ती हळूच म्हणाली, “वीरेंद्र सरांना मी शब्द दिला होता, बाबा.”

मी उठलो. माळ्यावरून डबा काढला. घरातली नवी पांढरी चादर फाडली. दोरीला निळ्या खडूची पूड लावली, चादरीवर ताणून टणत्कार केला, तशी सरळ रेघ उमटली. तारपिनाचा वास दरवळला आणि जुने दिवस दुकानात येऊन बसले. शिडीखाली उभं राहून अक्षरागणिक ‘वा!’ म्हणणारी माणसं, बशीत ओतलेला चहा, हातावरचा न निघणारा निळा रंग. चंद्रकला बाई! लाल अक्षरं, निळी सावली! वीरेंद्र सरांनी हॉर्न वाजवला तेव्हा ‘ई’ची शेपटी पुरी करत होतो.

मोहगावला शाळेत बॅनर मंचावर, खुर्च्यांच्या पाठीला लागूनच बांधलं. चंद्रकला बाई आल्या, बॅनरकडं पाहिलं आणि थबकल्या.

“देवीदासभाऊ, हे अक्षर तुमचंच ना? मी नोकरीले लागली तवा पहिलीच्या भिंतीवर हेच अ आ इ ई होतं. याच्यावरच छडी ठेवून शिकवलं मी. मंग कोणीतरी चुना मारला.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान ताठ करून पहिल्या रांगेत बसलो.

अध्यक्ष होते गावचे बुजुर्ग मोतीरामजी. कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता. भाषणं लांबली, तसे ते खुर्चीत मागं रेलले. शेवटी बाईंना शाल द्यायला उठले, लोकांकडं पाठ केली आणि सगळी शाळा फिदीफिदी हसू लागली. त्यांच्या पाठीवर लालभडक, उलट्या अक्षरांत ‘बाई’!

संध्याकाळी ऋतुजाचा फोन आला. आईचं ऑपरेशन नीट झालं होतं. वीरेंद्र सरांनी तिला फोटोही पाठवला होता. बॅनरचा नव्हे, पाठीचा! हसून हसून तिला बोलता येईना.

“बाबा, मशीन चालू न करता प्रिंट काढली तुम्ही!”

सध्या मोतीरामजींचा कुर्ता माझ्याकडं आहे. रोज तारपीन लावून घासून राहिलो. ‘ई’ निघाली. ‘बा’ काही केल्या निघत नाही!