सिकंदरमियांचं पॉलिश

दिल्लीहून आलेली तहरीम तांब्याच्या तुकड्यांची डबी दुकानातच ठेवून मागे अंघोळीला गेली आणि सिकंदरमियांनी ती कौतुकाने उघडली. मिरजेत सतारी बनवणाऱ्या या बापानेच महिन्यापूर्वी लेकीला ते पाच तुकडे आरशासारखे घासून दिले होते. आता प्रत्येकाच्या मधोमध धुरकट डाग होता.

तेवढ्यात शेजारचा अश्फाक डोकावला. दुसऱ्याच्या मालातली खोट याला नेमकी आधी दिसते.

"चाचा, हे तुमचं पॉलिश? दिल्लीत अब्रू गेली की!"

हे मात्र सिकंदरमियांना फार लागलं. अश्फाक जाताच त्यांनी पॉलिश पेपर काढला. एक तुकडा लखलखला, तसे बाकीचे चार फारच मळके दिसायला लागले. मग त्यांनाही सुटका नव्हती. काम संपल्यावर खुशीत त्यांनी चहासुद्धा स्वतःच टाकला.

तहरीमने डबी पाहिली आणि एकेक तुकडा उचलून उजेडात धरला.

"अब्बा, डाग कुठं गेले?"

"घालवले. घाबरू नको, मजुरी घेणार न्हाई!"

"आवं, ते डागच माझं काम होतं!"

ती हुंदके देऊ लागली. दिल्लीच्या यंत्रात आयनांचा, म्हणजे विद्युतभारित अणूंचा मारा करून तिने तांब्याची रचना बदलली होती. यंत्रावर पाळी मिळायलाच वर्ष गेलं होतं आणि सगळा प्रबंध त्यावर उभा होता.

"आत शिल्लक असंल की," सिकंदरमियां चाचरले. "मी वरवरच घासलंय."

"आत काय नसतं अब्बा. हे आयन कमी जोराचे, खोल जातच न्हाईत. बदलतो तो वरचा पापुद्रा, केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढा. तो गेला की सगळं गेलं."

सिकंदरमियांची नजर फळीवरच्या पितळी पानाच्या डब्याकडे गेली.

"तुझ्या अम्मीचा डबा तू रमजान ईदला घासलास. लय चमकवलास."

"व्हय. कळकट झाला होता."

"झाकणावर तिच्या बोटांचा चुना होता. ती गेल्यापासनं मी तिथं हात लावत नव्हतो."

तहरीमचं रडणं थांबलं. स्वतःच्या प्रबंधापेक्षा तिला आता तेच जास्त लागलं.

"मग तवा बोलला का न्हाई?"

"तू एवढी खुश होतीस, बेटा."

अश्फाक पुन्हा डोकावला. त्याने तुकडे पाहिले, फळीवरचा डबा पाहिला आणि मान डोलावली.

"वा चाचा! तुमच्या घरात आता एक डाग शोधून सापडायचा न्हाई."

त्याला चहा विचारायचंही बापलेकीला सुचलं नाही.